सगळ्याला ‘नो सर’

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज आवळली. मोठं काही नाही. काथ्याची बाज होती, ढिली पडली होती, निजलं की पाठ जमिनीला टेकायची. बाज आवळायला दोन माणसं लागतात. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं ओढलेली दोरी अंगठ्याखाली दाबून धरायची, सुटू द्यायची नाही. ओढायचं काम माझं, धरायचं म्हातारीचं. लग्न झाल्यापासून हेच. अंगणात ऊन आलं होतं, कारखान्याकडून मळीचा वास येत होता, आणि ही दोरी धरून माझ्यावरच डाफरत होती.

“अवं, जोर लावा की. जेवले न्हाई का?”

“तू धर नीट. सुटून राह्यली दोरी.”

“दोरी न्हाई सुटत. तुमीच ढिले पडले.”

शेवटी बाज अशी ताणली की टिचकी मारली तर वाजावी. हिनं तळहातानं थापटून पाहिली. म्हणाली, “बास. आता दोन वर्सं बघायला नको.” आणि भाकरी टाकायला आत गेली. चुलीपुढंच कलंडली. एक हात पिठात तसाच. दवाखान्यात नेलं, पण दवाखान्यातून तिला बोलतं काही आणता आलं नाही. त्या बाजेवर ती निजलीच नाही. मीही निजलो नाही. सुनेनं बाज भिंतीला उभी करून ठेवली आणि मी खाली घोंगडीवर पडायला लागलो. कोणी विचारलं तर सांगायचो, कमरेला जमीन बरी.

ही गेल्या थंडीतली गोष्ट. आता यंदाची थंडी पडली आहे. तूर वाळली, रात्री कानाला फडकं बांधावं लागतं, अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या लागल्यात, एकेका ट्रॅक्टरवर गाणी अशी मोठ्यानं की घरातली भांडी हलावीत. आणि त्या ट्रॉल्यांच्या अंगाला घासून भरतीची पोरं पळतात. दिस उगवायच्या आधी. फौजेची भरती आली की आमच्याकडं पोरांचा हंगामच येतो म्हणा ना, कापसासारखा. मी चौथी शिकलेला माणूस. मला लिहायला कोणी सांगितलं नाही. पण परवा सकाळी ती पोरं पुन्हा ओरडायला लागली आणि माझं डोकं उठलं, म्हणून लिहून राह्यलो.

ओरडतात काय ते सांगतो. माझ्या मोसंबीच्या बागेला लागून पडीक रान आहे. तिथं एक सर पोरांना शिकवतो. पळणं, उड्या, दंड, सगळं झालं की तो त्यांना रांगेत उभं करतो आणि डॉक्टर विचारतो तसं विचारतो. मेडिकलची तयारी म्हणे.

“कधी हाड मोडलं?”

“नो सर.”

“चक्कर? फिट?”

“नो सर.”

“नशापाणी? गोळी? कसली औषधं चालू होती?”

“नो सर.”

सगळी पोरं एका दमात, छाती काढून. एक पोरगं पायाला चिंधी बांधून एका टांगेवर उभं होतं. “पायाला काही लागलं?” “नो सर.” मी कुंपणाच्या अलीकडून म्हणालो, “सर, बाप हाय का इचारा. त्येलाबी नो सरच म्हनतील.”

पोरं हसली. सर म्हणाला, “आबा, तुमी मोसंबीला पाणी द्या.”

“मोसंबी ताणावर हाय सध्या. पाणी तोडलंय.”

“मंग आम्हीबी पोरं ताणावरच ठिवलीत. बहार धरायचाय.”

बोलायला चतुर आहे. माणूस वाईट नाही, हे मला आधीच सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उगाच चिडलाय. त्यानं किती घरांतली पोरं लावून दिली. पण झाडाला ताण देणं वेगळं. झाडाचं पाणी तोडलं की पान सुकतं, आपल्याला दिसतं किती सुकलं, त्या हिशोबानं पाणी सोडायचं. झाड काही लपवत नाही. सुकलेल्या झाडानं हिरवं पान दाखवलं असतं तर बाग कधीच जळाली असती.

माझा नातू पवन गेल्या वर्षी याच रांगेत होता.

पवन जालन्याला आयटीआयला होता, जुन्या जालन्यात खोली करून. तिथं एक खोलीवाला मिळाला आणि त्याच्या नादानं हा बटनं खायला लागला. बटन म्हणजे गोळी. झोपेची का कसली, दुकानात मागून मिळत नाही आणि गल्लीत न मागता मिळते. आम्हाला कळलं कसं, तर म्हातारीमुळं. पवन सुट्टीला घरी आल्ता. पिठलं-भाकरी खाल्ली आणि उठला. ही माझ्याजवळ येऊन बसली.

“पोरगं ठिकाणावर न्हाई.”

“कशावरून?”

“ठेचा मागितला न्हाई त्यानं.”

मी म्हणालो, येडी हायस. पण ती गेली, त्याचं दप्तर झाडलं, आणि गोळ्या घेऊन आली. पोरानं आधी डोकेदुखीच्या म्हणून सांगितलं. हिनं त्याला मारलं नाही, रडली नाही. म्हणाली, “मंग दोन मला दे. माझं डोकं दुखून राह्यलं.” आणि खरंच तोंडाकडं न्यायला लागली. तेव्हा पोरानं हात धरला आणि सगळं बोलला.

पुढं तिनं जे केलं ते मी दुसऱ्या कोणाच्या बायकोनं केलेलं पाहिलं नाही. पोराची खोली सोडवून त्याला घरी ठेवलं, जालन्याला मनाचा डॉक्टर गाठला. त्यानं गोळ्या दिल्या, बटन सोडवायच्या, आणि हळूहळू त्याही कमी करायच्या. गावाला हे कळू द्यायचं नव्हतं. म्हणून ही गावाला सांगायची, “माझ्या गुडघ्याला दाखवायला चालले, पवन संगं हाय.” एसटीच्या थांब्यावर लंगडत जायची. जाताना उजवा पाय लंगडायचा, येताना डावा. मी म्हणालो, अगं बाई, एक पाय तरी ठरव. तर म्हणे, “लोक पायाकडं न्हाई बघत, तोंडाकडं बघतात.” वर्षभर गावातल्या बाया हिला गुडघ्यावर काय काय चोळायला आणून देत होत्या, आणि ही सगळं घेत होती. पवनची गोळी तिच्या चंचीत, सुपारीशेजारी. रोज जेवण झालं की स्वतःच्या हातानं द्यायची, तोंड उघडून जीभ वर करायला लावायची. डॉक्टरनं सांगितलं तोपर्यंत एक दिवस चुकला नाही.

पवन सुधरला. काटक झाला, पळायला लागला, ठेचा मागायला लागला. त्याला ती एकच गोष्ट परत परत सांगायची, मी कानांनी ऐकलीय. “गावाला काय बी सांग. गावाला खोटं सांगितलं तर गाव मरत न्हाई. पर डॉक्टरला खोटं सांगायचं न्हाई. त्यो तुझ्या बोलण्यावर औषध देतो.”

आता माझ्या चिडण्याचं कारण ऐका.

तिला स्वतःला बीपी होतं. उपकेंद्राच्या सिस्टर महिन्याला घरी येतात, पट्टा बांधतात, विचारतात, “आजी, गोळी घेता ना?” ही म्हणायची, “घेते की, रोज.” सिस्टर चक्रावून जायच्या, गोळी चालू आणि बीपी खाली का येईना. मोठी गोळी लिहून द्यायच्या. तीही ही आणायची. ती गेल्यावर सूनबाईनं तुरीच्या डाळीचा डबा उपसला, तर खालून गोळ्यांची पाकिटं निघाली. एक फोडलेलं नाही. सगळी नवी कोरी. लेकराच्या तोंडात बोट घालून बघणारी बाई, तिच्या तोंडात बघायला कोणी नव्हतं.

का केलं? कोण सांगणार. एकदा म्हणाली होती, गोळीनं पाय सुजतात, रानात गरगरतं. एकदा म्हणाली, एकदा का गोळी लागली की माणूस गोळीवरचं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा जीभ जड झाली होती, तरी डॉक्टरनं विचारलं, “गोळ्या चालू होत्या का?” आणि हिनं मान हलवली. हो म्हणून. त्या अवस्थेत. मी पायाशी उभा होतो. मलाही खरंच वाटलं. ते आधी कळलं असतं तर वाचली असती का, हे मला माहीत नाही, आणि माझी कोणी समजूत घालायला आलं की त्याचाच राग येतो. मी रोज तिच्या फोटोपुढं उभा राहून भांडतो. लोक समजतात, म्हातारा हात जोडून राह्यला.

तेराव्याला गावातल्या पोरांनी तिचा श्रद्धांजलीचा बॅनर लावला, चौकात, लाईटच्या खांबाला. खाली शोकाकुल म्हणून आम्हा सगळ्यांचे फोटो. त्याच आठवड्यात पवनचा निकाल आला, पळण्यात पास, लेखीत पास. मेडिकल तेवढं राहिलं होतं. आमच्याकडच्या लोकांना दम कुठं असतो. माझा मुलगा रामेश्वर जालन्याला सळईच्या कारखान्यात आहे, त्यानं आणि मित्रांनी मिळून दुसरा बॅनर छापून घेतला. “भारतीय सैन्यात निवड झाल्याबद्दल.” निवड कुठं झाली होती? मी म्हणालो, थांबा रे, अजून डॉक्टरनं हात लावला न्हाई. तर रामेश्वर म्हणतो, “आबा, तेवढं फक्त राह्यलं.” त्या बॅनरवर माझा फोटो श्रद्धांजलीच्या बॅनरमधूनच कापून घेतलेला. नातू फौजी झाला आणि आजा रडून राह्यला, असा तो फोटो. एका खांबाला दोन बॅनर, वर पवन, खाली आज्जी. ट्रॉलीवाले गाणं बारीक करून वाचायचे आणि पुन्हा मोठं करायचे.

आणि मंग ते सुरू झालं.

पवननं सरला सांगून टाकलं होतं, की माझं असं असं झालं होतं, मेडिकलला विचारलं तर काय सांगू. सर म्हणाला, “माझ्यापुढं बोललास ते बोललास. आता मसणात बी बोलू नको.” पवननं घरी येऊन ते तसंच्या तसं सांगितलं. रामेश्वर मला म्हणाला, “आबा, तुमी तोंड उघडू नका. लेकराच्या आयुष्याचा प्रश्न हाय.”

“म्हणून तर उघडतो.”

“लघवी तपासली तरी काही निघत न्हाई आता. साल उलटून गेलं. मशिनीत निघत न्हाई ते सांगायचं कशाला?”

“डाळीच्या डब्यात निघालं ते कोणत्या मशिनीत निघालं होतं रे?”

रामेश्वर उठून बाहेर गेला. आईचं नाव निघालं की तो बाहेर जातो.

मी दुसऱ्या दिवशी रानात सरला गाठलं. म्हणालो, सर, उद्या हे पोरगं बर्फात उभं राहील बंदूक घेऊन. तिथं याला झोप न्हाई आली, डोकं बिघडलं, जुनं उचकलं, तर तिथला डॉक्टर काय ज्योतिष बघणार का? त्याच्या हाताखालची दुसरी पोरं असतील, त्यांनी याच्या भरवशावर निजायचं. त्यांना कोण सांगणार?

सर म्हणाला, “आबा, सगळे खरं बोलले ना, तर फौज रिकामी होईल.”

“मंग रिकामी होऊ द्या. लबाड भरून काय करता?”

“तुमचं बोलणं बराबर हाय. पण या पोराच्या मागं शेत किती, बापाचा पगार किती, ते बघा. खरं बोलायला पण घरात काही लागतं.”

तो काही चूक बोलत नव्हता आणि त्याचाच जास्त संताप येतो. चूक बोलणाऱ्याला शिवी देऊन मोकळं होता येतं.

मेडिकलला जायच्या आदल्या संध्याकाळी पवन माझ्याजवळ येऊन बसला. मी तुरीच्या शेंगा सोलत होतो, तो पण सोलायला लागला.

“आबा, काय करू?”

“मला काय इचारतो? आज्जीनं काय सांगितलं होतं?”

“आज्जीनं सांगितलं एक, केलं एक.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. पोराच्या एक लगावावी असं वाटलं. तो घाबरला नाही, बघत राहिला. मी म्हणालो, “केलं ना? मंग केल्याचं काय झालं ते बघितलं ना आपण दोघांनी? तिचं सांगितलेलं पटत नसलं तर तिचं केलेलं बघ. दोन्हीकडून एकच निघतं.”

शेंगा सोलून झाल्या तेव्हा म्हणाला, “बॅनर लागलाय, आबा.” पोराचं सगळं दुखणं एवढंच होतं. गोळीचं सांगायला तो तयार होता. चौकातून परत यायला तयार नव्हता.

मेडिकलचं पवननं जे सांगितलं तेच मला माहीत, मी काही तिथं नव्हतो. पोरं लायनीत. आत डॉक्टर, डोकं खाली घालून लिहीत. प्रत्येकाला तेच प्रश्न, प्रत्येकाचं तेच उत्तर. पवनचा नंबर आला. नशा, गोळी, औषध? पवन म्हणाला, “येस सर.”

“मंग?” मी विचारलं.

“मंग त्यानं पेन खाली ठिवला, आबा. माझ्याकडं बघितलं. इतक्या जणांत पहिल्यांदा त्यानं मान वर केली असंल.”

“रागावला?”

“न्हाई. बस म्हणाला. काय खाल्लं, किती दिवस, कोणी सोडवलं, सगळं इचारलं. मी म्हणलं, आज्जीनं सोडवलं. तर म्हणे, आज्जीला घेऊन आला असतास तर बरं झालं असतं. मी म्हणलं, न्हाई ती.” पवन बूट सोडायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. “मंग अनफिट लिहिलं. लिहायच्या आधी मला सांगितलं, हे लिहून राह्यलो म्हणून.”

रामेश्वर दारात उभा होता. मला वाटलं आता हा भडकेल. तो म्हणाला, “जेवला का काही?” एवढंच. आणि आत जाऊन बायकोला म्हणाला, ठेचा कर.

वर दाद मागता येते, असं पवनला सांगितलं होतं. त्यानं मागून पाहिली, तिथंही तेच झालं. आता पवन अंबडला दुकानात बसतो, जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो. विहिरीची मोटार जळाली की लोक त्याचंच नाव घेतात. पण म्हणून मी असं म्हणणार नाही की झालं ते बरं झालं. बरं काही झालं नाही. पोराला फौजेत जायचं होतं आणि तो गेला नाही. सकाळी पोरं पळायला लागली की तो कूस बदलतो, मला दिसतं. त्याच्या लायनीत पुढं-मागं उभे असलेले नो सर म्हणून आत गेले, त्यातला एक परवा सुट्टीला आल्ता, वर्दीत. गावानं त्याला फेटा बांधला. सगळ्यांत पुढं टाळ्या वाजवत होता पवन. हे लिहितानाही माझा जबडा आवळतो. खरं बोलणाऱ्याला या जगात फेटा नसतो, हे मला आधीच माहीत होतं, तरी चीड येते. माहीत असल्यानं चीड कमी होते हे कोणी सांगितलं, त्याला माझ्याकडं धाडा.

पण मला सांगायची आहे ती पवन मेडिकलहून परत आला त्या संध्याकाळची गोष्ट, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ.

जेवणं झाली. पवन उठला आणि भिंतीला उभी केलेली बाज त्यानं खाली टाकली. सून दचकली. ती बाज कोणी हलवली नव्हती. तो तिच्यावर आडवा झाला, अंग टाकलं, आणि दोरी कुरकुरली सुद्धा नाही, इतकी ताणलेली. तिथून छताकडं बघत मला म्हणाला,

“मी माझं सांगून आलो, आबा. आता तुमचं काय?”

“माझं काय? मला काय फौजेत जायचंय?”

“सिस्टर येतात तवा इचारतात, आबा झोप लागते का. तुमी काय सांगता?”

“लागते म्हणतो.”

“लागते का?”

मी म्हणालो, गप पड, मुकाट्यानं. जरा वेळानं त्याला खरंच झोप लागली, बूट काढलेल्या पायांनी, तोंड उघडं टाकून, लहान असताना निजायचा तसा. मी घोंगडीवर बसून राहिलो.

सकाळी मी टोपी घातली. चौकातून जावं लागतं. पवनचा बॅनर त्यानं आधीच जाऊन सोडवला होता, घडी करून कडब्याच्या गंजीवर टाकला होता, वर दगड ठेवून. दवापासून कडबा वाचतो. खांबाला आता एकटी म्हातारी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही, सरळ उपकेंद्रात गेलो.

सिस्टर म्हणाल्या, “आबा, तुम्ही? मी घरी आले तर दंड पुढं करत नव्हतात.” मी सदऱ्याची बाही वर केली. त्यांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला, आकडा लिहिला. मंग नेहमीसारखं, वर न बघता, विचारलं.

“झोप लागते ना?”

“न्हाई लागत, बाई.”

त्यांनी वर बघितलं.

“कधीपासून?”

“बाज आवळली तवापासून.”